निरीक्षण गृहातली रात्रपाळी आणि मनाने आजारी मुलं: काय पाहायचं, काय लिहायचं, काय करायचं

जिल्ह्याच्या निरीक्षण गृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असेपर्यंत ठेवतात तिथे, मुलगा बहुधा संध्याकाळीच येतो. दिवसभर पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालयातली तपासणी, मग बाल न्याय मंडळ. गाडी गेटाशी लागते तेव्हा समुपदेशक घरी गेलेले असतात, अधीक्षकांची निघायची गडबड असते, आणि मुलाला आत घेतो तो रात्रपाळीचा काळजीवाहक. मनोविकारतज्ज्ञ त्याला पाहतील तेव्हा पाहतील. विदर्भातल्या कित्येक जिल्ह्यांत त्याला आठवडे लागतात आणि भेट मिळते ती ओपीडीच्या गर्दीतली दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत डॉक्टरांना जे कळायला हवं, ते काळजीवाहकाने रात्री पाहिलेलं असतं. ते वहीत आलं नसेल तर डॉक्टर अंदाजाने गोळी लिहितात. म्हणून इथे सुरुवात रात्रपाळीपासून केली आहे.

पहिली रात्र

आधी पाणी, जेवण, आंघोळ. मुलगा सकाळपासून उपाशी असण्याची शक्यता मोठी, आणि उपाशी, घाबरलेल्या पोराला प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. नंतर घरी फोन. कायद्याने पालकांना कळवायची जबाबदारी पोलिसांवर आहे, पण आवाज ऐकल्यावर मुलाचा श्वास खाली बसतो. शिवाय याच फोनवर एक महत्त्वाचा प्रश्न विचारायचा असतो: याला कोणती गोळी चालू आहे का? फिटची गोळी एकाएकी बंद पडली तर एक-दोन दिवसांत मोठी फिट येऊ शकते. आईला नाव वाचता येत नसेल तर शेजारच्या कुणाकडून पाकिटाचा फोटो मागवा. ‘पांढरी गोळी आहे’ यावरून काही ठरवू नका.

मग एका बाजूला बसवून, इतर मुलांच्या कानाआड, पाच गोष्टी विचारा. शेवटचं नीट कधी झोपला? आज-काल काय काय घेतलं: दारू, गांजा, खर्रा, सोल्युशन (हुंगायचा पंक्चरचा गोंद), व्हाइटनर? कुणी मारलं का, आणि डोक्याला लागलं का? दुसऱ्याला ऐकू न येणारे आवाज येतात का? आणि मरावंसं वाटतं का?

शेवटचा प्रश्न विचारायला सगळेच कचरतात. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. विचारल्याने मुलगा बोलता होतो. फक्त ‘असं वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ अशा तऱ्हेने विचारू नका, कारण त्यात ‘नाही’ हे उत्तर आधीच दिलेलं आहे. त्याच्या बोलीत, सरळ विचारा: ‘बाबू, लय तरास झाला का मानसाच्या मनात मराचा इचार येते. तुले येते काय?’ उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे दोन प्रश्न: कसं करायचं ते ठरवलं आहे का, आणि याआधी कधी केलं होतं का? ठरवलेलं असेल किंवा आधी प्रयत्न झाला असेल तर त्या रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही. हाताच्या अंतरावर माणूस, आणि अधीक्षकांना त्याच वेळी फोन. रात्र कितीही झालेली असो.

मेळघाटातला कोरकू, भामरागडचा माडिया, यवतमाळकडचा कोलाम मुलगा पहिले दोन दिवस गप्प राहतो तेव्हा ‘मंद आहे’ असा शेरा फार लवकर पडतो. त्याला मराठी कितपत येतं हे आधी पाहा. दुभाष्या लागला तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मागवा. सोबत आलेला पोलीस किंवा दुसरा मुलगा दुभाष्या म्हणून चालत नाही. त्यांच्यासमोर मुलगा मनातलं सांगत नाही.

नोंदवहीत काय लिहायचं

बहुतेक गृहांच्या वहीत रात्रीची नोंद एकच असते: ‘सर्व मुले शांत झोपली.’ आणि एखाद्याने त्रास दिला असेल तर ‘उद्धट आहे’, ‘नाटक करतो’, ‘ऐकत नाही’. ही सगळी विशेषणं आहेत, आणि विशेषणांवरून डॉक्टरांना औषध ठरवता येत नाही. वेळ, कृती आणि मुलाचे शब्द, एवढंच लिहा. असं:

‘रात्री १.४३. अंथरुणावर बसलेला, भिंतीकडे तोंड. ओठ हलत होते. हाक मारली, तिसऱ्या हाकेला वळला. म्हणाला, “काका बोलावते.” पाणी दिलं, प्यायला. २.१७ ला आडवा झाला. ४.०८ पर्यंत डोळे उघडेच.’

एवढ्या ओळींत झोप किती झाली, आवाज येत असावेत का, हाकेला प्रतिसाद किती वेळाने आला, सगळं आलं. अशा सलग सात रात्रींच्या नोंदी डॉक्टरांपुढे ठेवल्या की ओपीडीतली दहा मिनिटं पुरतात. रात्रीच्या फेऱ्या ठरलेल्या ठोक्याला मारू नका. बरोबर तासाच्या काट्यावर येणाऱ्या माणसाचं वेळापत्रक मुलं दोन दिवसांत ओळखतात. आणि सकाळी एकदम बसून रात्रभराच्या नोंदी भरायच्या नाहीत. तसं केलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं, कारण सगळ्या वेळा शून्यावर किंवा पाचावर संपलेल्या असतात.

नशा उतरताना

बंदी असलेल्या जिल्ह्यातला मुलगा दारूबद्दल हमखास खोटं बोलतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. मोहाची घेतो म्हटलं तर आणखी एक केस लागेल असं त्याला वाटतं. ‘हे पोलिसांना सांगायला विचारत नाही, रात्री तुला त्रास होऊ नये म्हणून विचारतो’ हे आधी सांगा.

रोज पिणाऱ्याची दारू तुटली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम येतो, उलटी होते. फिटचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान मुलगा बरळायला लागला, नसलेलं दिसायला लागलं, ताप चढला, तर ती गृहात सांभाळायची गोष्ट नाही. १०८ बोलवा.

खर्ऱ्याकडे कुणी नशा म्हणून पाहतच नाही. पण सुपारी-तंबाखूचा हा घोटा दिवसातून दहा वेळा खाणारं पोर, ते अचानक बंद झालं की, पहिले तीन-चार दिवस चिडतं, झोपत नाही, एकाग्र होत नाही, आणि गृहातल्या पुष्कळ मारामाऱ्या याच दिवसांत होतात. बडीशेप, लवंग, वारंवार पाणी, अंगमेहनतीचा खेळ यावर बरंच भागतं. या आठवड्यात झालेल्या भांडणावरून ‘आक्रमक वर्तन’ असा कायमचा शेरा लिहू नका.

सोल्युशन हुंगून आलेल्या मुलाच्या मागे धावू नका, त्याला दचकवू नका. हुंगल्यानंतर लगेच घाबरलं किंवा पळालं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. मोकळ्या हवेत बसवा, शांतपणे बोला.

एकाचं दुसरं वाटतं ते

या वयात उदासी रडक्या चेहऱ्याने येईलच असं नाही. ती पुष्कळदा चिडचिड होऊन येते. आधी कॅरमला पुढे असणारा मुलगा खेळायचं सोडतो, भात तसाच ठेवतो, क्षुल्लक कारणावर अंगावर जातो. दोन आठवडे हे चाललं तर शिस्तीचा प्रश्न म्हणून हाताळू नका, तपासणीला न्या. बापाची आत्महत्या पाहिलेली मुलं विदर्भातल्या गृहांत भेटतात. त्यांचा वर्षश्राद्धाचा दिवस घरून विचारून मुलाच्या देखभाल आराखड्यात लिहून ठेवा. पोळ्यालाही लक्ष ठेवा. बाहेर बैल सजतात, वाजत्रं ऐकू येतं, आणि ज्याच्या घरची जोडी कर्जात गेली ते पोर त्या दिवशी कोपरा धरतं.

मार खाल्लेला, अत्याचार सोसलेला मुलगा झोपेत हात लावून उठवला तर ठोसा मारतो. त्यात उद्धटपणा नसतो, अंगाला लागलेली सवय असते. पायथ्याशी उभं राहून नावाने हाक मारा.

बौद्धिक अक्षमता असलेलं मूल ‘समजलं का?’ या प्रश्नाला पुष्कळदा ‘हो’च म्हणतं. मंडळासमोरही ‘हो’ म्हणतं, पोलिसांसमोरही, आणि त्या एका ‘हो’ने त्याचं भयंकर नुकसान होतं. ‘सांग बरं, आता काय करायचं आहे?’ असं विचारा. सांगता आलं नाही तर परिविक्षा अधिकाऱ्यांना (मुलाची चौकशी करून मंडळाला अहवाल देणाऱ्यांना) लेखी कळवा आणि बुद्ध्यांक चाचणीची मागणी करा.

अंगात येणं, लागीर, ‘बाहेरचं’ या शब्दांची थट्टा करू नका आणि त्यांच्यावर निदानही करू नका. घरचे भूमकाकडे (गावच्या मांत्रिक-वैदूकडे) किंवा पुजाऱ्याकडे नेऊन आले असतील तर कधी, कशासाठी, हे विचारा. आजार केव्हा सुरू झाला याची तारीख पुष्कळदा तिथेच सापडते. झटके येत असतील तर घड्याळ लावा आणि लिहा: डोळे उघडे की घट्ट मिटलेले, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, नंतर किती वेळ भान नव्हतं. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा. पाच मिनिटांहून जास्त चालला की रुग्णालय. मोबाइलवर चित्रीकरण करायचा मोह होतो, पण ते व्हॉट्सअॅपवर कुठे पोचेल याचा भरवसा नाही, आणि मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे.

आणि सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भातल्या मुलाला रात्री हातपाय, कंबर असह्य दुखायला लागली, तर ‘कामाला लागू नये म्हणून करतो’ असं म्हणण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते पाहा. थंडी आणि पाणी कमी पडणं यांनी कळा येतात. सोबत ताप असेल तर सकाळची वाट पाहू नका.

गोळ्या

रांगेत उभं करून ‘वेड्याच्या गोळ्या’ वाटायच्या नाहीत. एकेकाला कार्यालयात बोलवा. पाणी प्यायला लावा, दोन मिनिटं बोलत बसा, तोंड पाहा. गालात धरलेली गोळी बाहेर जाऊन खर्ऱ्याच्या पुडीच्या बदल्यात विकली जाते, किंवा साठवली जाते, आणि साठवलेल्या गोळ्या एकदम घेतल्या जातात. कपाटाची किल्ली एकाकडेच, उरलेल्या गोळ्यांची मोजणी रोज.

फ्लुऑक्सेटिनसारख्या उदासीवरच्या औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. उलट पहिल्या काही आठवड्यांत काहींची बेचैनी आणि आत्महत्येचे विचार वाढतात, म्हणून गोळी सुरू झाली की लक्ष जास्त हवं. इथे नेमकं उलटं घडतं: गोळी सुरू झाली म्हणून सगळे निर्धास्त होतात. रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढतं, सुस्ती येते. हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला वळली, डोळे वर चढले, जीभ आखडली, तर हा औषधाचा दुष्परिणाम आहे. दिसायला भयंकर, पण एका इंजेक्शनने उतरतो. भूत समजून इतर मुलं घाबरतात, त्यांनाही समजावून सांगा. मिथाइलफेनिडेट (अतिचंचलतेवरचं औषध) भूक मारतं, म्हणून सकाळच्या नाश्त्यानंतर. संध्याकाळी दिलं तर झोप जाते.

आता उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत अकोला, चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पुण्या-मुंबईत शिकलेल्या नव्या डॉक्टरांच्याही हे पटकन लक्षात येत नाही. लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्या मुलाच्या अंगातलं पाणी-मीठ घामाने गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषासारखं काम करतं. हात जास्त कापायला लागणं, जुलाब, उलटी, चालताना झोकांड्या, जीभ जड होणं: यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन आणि रक्ततपासणी. मार्चमध्येच डॉक्टरांकडून उन्हाळ्यापुरत्या सूचना लिहून घ्या. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉलसारख्या मानसविकारविरोधी औषधांनी घामाची आणि तापमान सांभाळायची शक्तीही कमी होते. अशा मुलांना दुपारी ११ ते ४ उन्हात काम किंवा खेळ नको, दर तासाला पाणी, कूलर असलेल्या खोलीत जागा. अंग तापलं, ताठ झालं आणि मुलगा बरळायला लागला तर ऊन लागलं की औषध बाधलं हे ठरवत बसू नका. पन्हं पाजून वाट पाहणं महागात पडतं. दोन्हींचा रस्ता रुग्णालयाकडेच जातो.

मुलं शांत राहावीत म्हणून झोपेची गोळी मागायचा प्रघात काही ठिकाणी पडलेला आहे. कर्मचारी कमी आहेत हे खरं, पण कमी मनुष्यबळावर लोराझेपाम हा इलाज नाही. डॉक्टरांनी नेमक्या मुलाला, नेमक्या कारणासाठी, तारखेसह लिहिली असेल तरच द्या.

भडका उडाला तर

बोलायला एकच माणूस, बाकीच्यांनी इतर मुलांना घेऊन बाहेर जायचं. प्रेक्षक असेपर्यंत मुलगा माघार घेऊ शकत नाही. दोन हात अंतर, तिरकं उभं राहणं, दाराची वाट मोकळी. आवाज त्याच्यापेक्षा खाली. दोन पर्याय द्या: ‘इथं बसतो की ओट्यावर जाऊ?’ ‘मंडळाला लिहून देईन’ ही धमकी त्या क्षणी सगळ्यात वाईट, कारण त्याला वाटतं आता गमावण्यासारखं काही उरलं नाही. धरावंच लागलं तर पालथा पाडून पाठीवर बसायचं नाही. श्वास कोंडून मूल मरतं. एकट्याला खोलीत कोंडणंही नको. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला एकांतवासात ठेवण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मनाई करतो.

मुलाने गळफास घेतलेला दिसला तर आधी खालून अंग उचलून धरा, ताण काढा, मग दुसऱ्याने गाठीच्या वर कापायचं. त्यासाठी बोथट टोकाची कात्री रात्रपाळीच्या माणसाच्या खिशात हवी. कार्यालयात कुलपात असलेली उपयोगाची नाही. श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू करा, मिनिटाला १०० ते १२०, तीसला दोन श्वास. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचंच. घशाची सूज नंतर वाढते. परत आल्यावर चौकशीचा सूर नको. प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं.

कागद

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम १२ खाली जामीन नाकारायची कारणं मोजकी आहेत, आणि ‘इथे उपचार मिळतील’ हे त्यात नाही. आजारी आहे म्हणून आत ठेवा, अशी शिफारस अहवालात करू नका. दीर्घ उपचार लागणार असतील तर मंडळ कलम ९३ खाली मनोरुग्णालयात हलवण्याचा आदेश देऊ शकतं. त्यासाठी डॉक्टरांचं मत आणि तुमच्या नोंदींचा गोषवारा एकत्र सादर करा. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करताना दोन मनोविकारतज्ज्ञांनी, किंवा एक तज्ज्ञ आणि एक मानसिक आरोग्य व्यावसायिक वा डॉक्टर यांनी, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. मुलाची जागा प्रौढांपासून वेगळी, आणि सोबत पूर्ण वेळ माणूस. मुलगी असेल तर बाईच. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात निघण्याआधी फोन करून खाट आहे का विचारा. गडचिरोलीहून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, आणि कागद अपुरा म्हणून परत यावं लागलं तर पुन्हा पोलीस सोबत मिळायला आठवडा जातो. सोबतचा पोलीस साध्या वेशात हवा, बेड्या नाहीत. त्याला मुलाची काहीच माहिती नसते, म्हणून एक पानभर गोषवारा बंद पाकिटात डॉक्टरांसाठी द्या.

दोन भेटींच्या मध्ये टेलिमानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे. मराठीतून, मोफत, रात्रीसुद्धा. कार्यालयाच्या फोनवरून मुलाला बोलू द्या.

१६ ते १८ वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवायला मंडळ कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करतं. समुपदेशकाने स्वतः ते मूल्यांकन करू नये. जो ऐकतो तोच तोलतो हे कळलं की मुलगा कायमचा गप्प होतो. गुप्ततेची मर्यादाही पहिल्याच बैठकीत सांगा: जिवाचा धोका असेल तर सांगावं लागेल, आणि लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

भेटी आणि सुटका

कापूस वेचणीच्या हंगामात, दिवाळीच्या मागेपुढे, पालक भेटीला येत नाहीत. मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं. मुलगा मात्र ‘मले सोडलं’ असं धरून बसतो. भेट रविवारीच असा हट्ट सोडा, आणि येणं जमत नसेल तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन. फोन येणार म्हटलं आणि आला नाही, याइतकं वाईट काही नाही. नक्की नसेल तर कबूल करू नका.

सुटकेची तारीख अचानक येते आणि सगळी घडी विस्कटते ती इथेच. म्हणून उपचार चालू असलेल्या मुलाचं पाकीट आधीच भरून ठेवा: ३० दिवसांच्या गोळ्या, औषधाच्या मूळ नावानिशी लिहिलेली चिठ्ठी, शेवटच्या भेटीचा कागद, पुढची तारीख. त्याच्या तालुक्याच्या रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या वारी येतं ते फोन करून विचारा आणि तोच वार लिहा. तीच गोळी तिथे मिळते का हेही विचारा. मिळत नसेल तर डॉक्टरांकडून पर्याय आताच लिहून घ्या. आईला, बापाला किंवा आजीला गोळ्या हातात देऊन वेळ सांगून घ्या, त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. गावची आशाताई कोण हे त्यांनाच विचारा, पण तिला काय आणि किती सांगायचं ते मुलगा आणि घरचे ठरवतील. गुन्ह्याचा विषय तिथे काढायचं कारण नाही.

निघण्याआधी पालकांना बाजूला घेऊन एक गोष्ट नक्की विचारा: फवारणीचं औषध घरात कुठे आहे? माळ्यावर, खाटेखाली, न्हाणीच्या कोनाड्यात, कुठेही असतं. ते मुलगा घरी पोचण्याच्या आधी कुलपात किंवा शेजाऱ्याकडे गेलं पाहिजे, आणि रिकाम्या डब्यासुद्धा. तिथूनच फोन लावून द्या, आणि हलवलं असं पलीकडून ऐकू आल्यावर गेट उघडा.